व्याख्यानमालेचं शूटिंग कुणाला द्यावं? आधी आवाजाचं विचारा

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातलं 'अ' वर्ग वाचनालय. जानेवारीत सात दिवसांची व्याख्यानमाला, रोज संध्याकाळी साडेसहाला. यंदा सगळी व्याख्यानं चित्रित करून यूट्यूबवर टाकायची आणि त्यातूनच वाचनालयाचा पॉडकास्ट सुरू करायचा, असं कार्यकारिणीत ठरलंय. दोन कोटेशनं आलीत, एक 48 हजारांचं आणि एक 1 लाख 60 हजारांचं. दोघांनीही तीन कॅमेरे आणि ड्रोन लिहिलाय, महागड्याने वर क्रेनही धरलीय. कार्यवाहांनी विचारलंय की काम द्यावं कुणाला.

कार्यवाहसाहेब, मी या धंद्यात लग्नाच्या शूटिंगपासून आलो. आता बहुतेक कामं संस्थांचीच असतात: पतसंस्थांच्या वार्षिक सभा, कारखान्याचा गळीत हंगाम, शाळांचे सुवर्णमहोत्सव आणि तुमच्यासारख्या व्याख्यानमाला. तुमची दोन्ही कोटेशनं नीट वाचली. कॅमेऱ्यांची मॉडेलं आहेत, लेन्स आहेत, ड्रोनच्या बॅटऱ्या किती तेही आहे. वक्त्याचा आवाज कुठून आणि कसा घेणार, याबद्दल दोन्हींत एक ओळ नाही. त्यामुळे आज तरी मी दोघांपैकी कुणालाच हो म्हणणार नाही.

व्याख्यान ही कानाने घ्यायची गोष्ट. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केली, तेव्हा माइकसुद्धा नव्हता, लोक ऐकायलाच यायचे. आजही तुमचा श्रोता मोबाइल खिशात टाकून, भांडी घासताना किंवा एसटीत बसून ऐकणार आहे. चित्र जरा अंधारलेलं असलं तर तो चालवून घेतो. आवाज हौदातून आल्यासारखा असला की दुसऱ्या मिनिटाला बंद करतो.

आता आवाज हौदातून का येतो ते सांगतो. तुमचा हॉल मी पाहिलेला नाही, पण तालुक्याची सांस्कृतिक भवनं साधारण एकाच साच्यातली असतात. प्लास्टर केलेल्या उंच भिंती, खाली गुळगुळीत फरशी, वर पत्रा नाहीतर स्लॅब, आणि पंखे. कॅमेरा मागे साठ फुटांवर उभा. त्याच्या माइकपर्यंत वक्त्याचा थेट आवाज कमी आणि भिंतींवर आपटून आलेला जास्त पोचतो. त्यात पंख्याची घरघर आणि शेजारच्या खुर्चीतल्या काकांचा खोकला. हे नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण निघत नाही. निघतं म्हणणारे भेटतील. त्यांनी साफ केलेला आवाज ऐका, पाण्याखालून बोलल्यासारखा लागतो.

म्हणून बहुतेकजण साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेतात. हे बरोबर, पण अर्धंच बरोबर. मिक्सरवरचा माणूस हॉलसाठी आवाज लावतो, तुमच्या रेकॉर्डिंगसाठी नाही. शिट्टी वाजू नये म्हणून तो काही स्वर कापतो, मागच्या रांगेतून "आवाज येत नाही" असं कुणी ओरडलं की मास्टर वर सरकवतो. ते सगळं तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये उतरतं. त्याच्याकडे प्री-फेडर ऑक्स मागायचा, म्हणजे आवाज वरखाली करायच्या सरकपट्टीच्या (फेडरच्या) आधीच काढलेली वेगळी वाट. मग त्याने फेडर किंवा मास्टर कितीही हलवला तरी आपल्याकडे येणारी पातळी तीच राहते. आणि ती वायर कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात थेट खुपसायची नाही. मिक्सरमधून येणारा लाइनचा सिग्नल माइकच्या सिग्नलपेक्षा शंभरपटीहून जास्त जोराचा असतो. कॅमेऱ्याचा ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप लावणारी सोय, तो खाली ओढून पडद्यावर सगळं आलबेल दाखवतो, घरी ऐकलं तर आवाज फाटलेला.

याहून मोठा धडा मला विजेने दिला. एका व्याख्यानमालेत मी फक्त मिक्सरवर विसंबलो होतो. आठ वाजता लाइट गेली. जनरेटरवाला जेवायला गेलेला. वक्ते जुन्या वळणाचे, थांबले नाहीत. पोडियम सोडून स्टेजच्या कडेला आले आणि माइकशिवाय बोलायला लागले. अंधारात तीनशे माणसं चिडीचूप. अकरा मिनिटं ते बोलले, आणि संबंध व्याख्यानातलं तेवढंच लोक नंतर आठवत होते. माझ्या रेकॉर्डरवर त्या अकरा मिनिटांची सपाट रेघ. कॅमेरा बॅटरीवर चालू होता, पण त्याच्या माइकवर आलं काय, तर दाराबाहेरच्या मोटरसायकली.

तेव्हापासून माझा नियम आहे आणि तो तुम्ही ज्याला काम द्याल त्याच्या करारात घाला. आवाज तीन ठिकाणी घ्यायचा. एक, वक्त्याच्या कपड्याला लावलेला कॉलर माइक, ज्याचं रेकॉर्डिंग त्याच्या स्वतःच्या डबीत, बॅटरीवर होतं. दोन, मिक्सरचा ऑक्स वेगळ्या रेकॉर्डरवर. तीन, श्रोत्यांसाठी स्टेजच्या कडेला हॉलकडे तोंड केलेला एक माइक. तिसरा लोक विसरतात आणि मग हशा, टाळ्या गायब होतात. विनोद झाला आणि मागे स्मशानशांतता, असं रेकॉर्डिंग ऐकवत नाही. प्रश्नोत्तरांना मात्र तो तिसरा माइक पुरत नाही. एक हातातला माइक घेऊन वाचनालयाचा एक चपळ मुलगा रांगांमधून फिरवा. श्रोता "मला माइकची गरज नाही, माझा आवाज खणखणीत आहे" म्हणेल. तरी द्या.

कॉलर माइकबद्दल दोन बारीक गोष्टी. बरेचसे वायरलेस माइक 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, वायफायही तिथेच. पाच वाजता रिकाम्या हॉलमध्ये टेस्टिंग झकास होतं. सात वाजता माणसं भरली की मधेच आवाज तुटतो, कारण माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी आणि ते या लहरी शोषून घेतं. रिसीव्हर मागे कॅमेऱ्यावर न ठेवता स्टेजजवळ, माइकसमोर ठेवायचा. दुसरी गोष्ट कपड्यांची. कडक इस्त्रीची खादी कुरकुरते. काठपदराची साडी असेल तर पदराच्या हालचालीबरोबर माइकवर खसखस होते, आणि मंगळसूत्र माइकवर आपटत राहिलं तर दर वाक्याला टक्‌टक्‌ येते. माइक मंगळसूत्राच्या रेषेपासून दूर, खांद्याच्या पिनेजवळ लावायचा, वायरची एक सैल गाठ आत ठेवायची. माइक लावायला बाई असतील तर उत्तम. वाचनालयातल्या ताईंना पहिल्या दिवशी दहा मिनिटं शिकवून ठेवा.

कॅमेऱ्यांचं पटकन सांगतो, त्यात तसं फार काही नाही. दोन पुरतात. एक ट्रायपॉडवर वक्त्यावर कायम लावलेला, ज्याला कुणी हात लावायचा नाही, आणि एक माणूस चालवतो तो, श्रोते, हातवारे, समोरचे चेहरे यांच्यासाठी. ड्रोन हॉलच्या आत उडवत नाहीत, बाहेरून वाचनालयाची इमारत दाखवायची तर गच्चीवरून मोबाइलने काढा. क्रेन व्याख्यानाला कशाला लागते, मला आजवर कळलेलं नाही. मध्यभागी हत्तीची सोंड फिरावी तशी फिरते आणि मागच्या रांगेला वक्ता दिसत नाही.

दोन प्रश्न मात्र विचारा. कॅमेरा सलग किती वेळ रेकॉर्ड करतो? बऱ्याच जुन्या डीएसएलआरमध्ये 29 मिनिटं 59 सेकंदांची मर्यादा असते. युरोपातल्या आयातकराच्या नियमामुळे ती आली आणि कॅमेरे मात्र अजून आपल्याकडे फिरतात. पाऊण तासाच्या व्याख्यानात तो मधेच एकदा बंद पडतो आणि चालवणाऱ्याचं लक्ष नसलं तर संपलंच. दुसरा प्रश्न, शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, किती ठेवणार? आपली वीज 50 हर्ट्झची. सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवलं की हॉलच्या साध्या दिव्यांत पट्ट्या फिरत नाहीत. मोबाइल मुळात 30 फ्रेमवर असतो, म्हणून कार्यकर्त्यांनी मोबाइलवर काढलेल्या क्लिपांत ट्यूबलाइट लुकलुकते. ज्याला हे विचारल्यावर उत्तर द्यायला गुगल करावं लागलं, त्याला काम देऊ नका.

कॅमेऱ्यापेक्षा मागचा फ्लेक्स जास्त महत्त्वाचा, आणि तो तुमच्या हातात आहे. देणगीदारांचे, अध्यक्षांचे, आमदारांचे फोटो मधोमध असले की सात दिवस प्रत्येक वक्त्याच्या कानामागून कुणीतरी डोकावत राहतं. मी एका ठिकाणी पाहिलंय, वक्ता अंधश्रद्धेवर बोलतोय आणि बरोबर त्याच्या डोक्यामागे एका स्थानिक ज्योतिष कार्यालयाची जाहिरात. पोडियमच्या मागचा सहा फुटांचा पट्टा एकरंगी ठेवा, शक्यतो गडद निळा किंवा मातकट, फोटो सगळे दोन्ही कडांना. पांढरा फ्लेक्स नको, त्याने वक्त्याचा चेहरा काळवंडतो. आणि पोडियमवरची फुलांची परडी खाली उतरवा. पहिल्या रांगेच्या उंचीवरून पाहिलं तर ती बरोबर हनुवटीपर्यंत येते.

लाइव्ह करायचं की नाही, हे तुमच्या इंटरनेटवर आहे. 1080पी चित्र पाठवायला साधारण 5-6 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) अपलोड सतत लागतो. त्याच्या दुप्पट हॉलमध्ये, त्याच वेळेला मोजलेला मिळाला तर करा. मोबाइलच्या डोंगलवर भरवसा ठेवू नका, चारशे माणसं आली की तेच टॉवर सगळे वापरतात. आणि नवीन चॅनलवर लाइव्ह सुरू करायची परवानगी मागितल्यावर ती मिळायला 24 तासांपर्यंत लागू शकतात, म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी साडेपाचला बटण शोधत बसायचं नाही. माझं मत विचाराल तर लाइव्ह नको. नंतर सवडीने, नीट आवाज लावलेलं टाका.

पण टाकायचा हक्क तुमच्याकडे आहे का? इथे बहुतेक संस्था गाफील असतात. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17. जाहीर भाषणाचा पहिला मालक भाषण करणारा असतो. मानधन दिलं, शाल दिली, गाडी पाठवली म्हणून भाषण वाचनालयाचं होत नाही. एका पानाचं संमतिपत्र आमंत्रणाबरोबरच पाठवा, व्याख्यान झाल्यावर जेवणाच्या ताटावर नको. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: चित्रफीत आणि ध्वनिमुद्रण दोन्हींची परवानगी, मुदत आणि प्रदेश. कलम 19 प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. तुमच्या गावची मुलं ऑस्ट्रेलियात आणि दुबईत बसून ऐकणार आहेत, तेव्हा "जगभर" असं लिहा. वक्त्यांनाही थोडा मान द्या. "प्रसिद्ध करण्याआधी एखादा भाग वगळायचा असल्यास तीन दिवसांत कळवावे" ही ओळ घातली की न कुरकुरता सही करतात. माझ्या अनुभवात वगळायला कुणी फारसं सांगत नाही, पण ओळ असल्याने मोकळे होतात.

कलम 17 मध्येच शूटिंगवाल्याचाही प्रश्न आहे. पैसे देऊन फिल्म करून घेतली तर, वेगळं ठरलेलं नसेल तर, पहिला मालक करून घेणारा, म्हणजे तुम्ही. मात्र निव्वळ ध्वनिमुद्रणाचं नाव त्या तरतुदीत नाही. पॉडकास्ट येणार आहे, म्हणून "चित्रीकरण, ध्वनिमुद्रण आणि सर्व कच्च्या फायली संस्थेच्या मालकीच्या" असं करारात सरळ लिहून घ्या. आणि मालकी कागदावर असून चालत नाही, फायली हातात हव्यात. 4के मध्ये सेकंदाला 100 मेगाबिटने शूट केलं तर तासाला 45 जीबी होतात. दोन कॅमेरे, सात दिवस, रोज दोन तास धरले तर सव्वा टीबीच्या वर. 2 टीबीच्या दोन हार्ड डिस्क वाचनालयाने स्वतः विकत घ्याव्यात, रोज रात्री कॉपी करून एक कपाटात आणि एक कोषाध्यक्षांच्या घरी ठेवावी. "साहेब, फुटेज आमच्याकडे सेफ आहे" हे वाक्य मी स्वतः पूर्वी खूप वेळा म्हटलंय. तीन वर्षांनी ती डिस्क फॉरमॅट केलेली असते.

आता पॉडकास्ट. व्याख्यानाचा आवाज काढून तसाच टाकला की पॉडकास्ट झाला, असं दोन्ही कोटेशनांत धरलंय. तसं करू नका. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, "मी फार वेळ घेणार नाही" म्हणून घेतलेली वीस मिनिटं, हे सगळं हॉलमध्ये शोभतं. इयरफोनवर ऐकणारा पहिल्या तीस सेकंदांत व्याख्यानाचा मुद्दा मागतो. यूट्यूबवरही व्याख्यान वक्त्याच्या पहिल्या वाक्यापासून सुरू करा. अध्यक्षांना वाईट वाटेल; पूर्ण कार्यक्रमाची वेगळी लिंक करून ती त्यांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा.

माझा सल्ला असा, की वक्ता दुपारी गावात पोचतोच. चार वाजता त्याला वाचनालयात चहाला बोलवा आणि पंचवीस मिनिटांच्या गप्पा रेकॉर्ड करा. तोच तुमचा पॉडकास्ट. व्याख्यानातलं तेच परत विचारू नका. त्याने वाचलेलं पहिलं पुस्तक कुणी हातात दिलं, कुठल्या वाचनालयात बसायचा, लिहिताना काय अडलं, हे विचारा. विचारणारा वाचनालयाचाच असावा, ज्याने त्याची दोन पुस्तकं खरोखर वाचलीत. बाहेरचा गोड गळ्याचा निवेदक आणलात तर आकाशवाणीच्या नकलेसारखं होतं.

स्टुडिओ लागत नाही. पुस्तकांनी भरलेल्या उघड्या मांडण्यांची खोली आवाजाला इतकी चांगली, की लोक तशी बनवायला पैसे मोजतात. वेगवेगळ्या जाडीची पुस्तकं आवाज परत एकाच दिशेने फेकत नाहीत. काचेच्या कपाटांची खोली टाळा, लोखंडी कपाटांकडे पाठ नको. खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा. पंखा बंद, यूपीएस बंद, फ्रिज असला तर तोही बंद, आणि पाहुण्याची गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवा म्हणजे जाताना तो परत चालू करायची आठवण राहील. दोघांना वेगळे माइक, तोंडापासून एक वीत अंतरावर, जरा बाजूला, म्हणजे 'फ' आणि 'भ' म्हणताना भसकन हवा आदळत नाही. बोलणं सुरू करण्याआधी तीस सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा. एडिटिंगमध्ये एखादा खोकला काढला की तिथे पडलेली भोकं त्याने बुजवता येतात.

तयार झालेला भाग साधारण उणे 16 एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) पातळीला आणायला सांगा, अॅपलची शिफारस तीच आहे. नाहीतर दर भागाला श्रोत्याला आवाज वरखाली करावा लागतो. मुखपृष्ठाचं चित्र 3000 बाय 3000 पिक्सेल, त्यावर वाचनालयाचं नाव मोबाइलवर नखाएवढं दिसलं तरी वाचता यायला हवं. होस्टिंगला, म्हणजे भाग इंटरनेटवर ठेवायला, पैसे लागतीलच असं नाही, स्पॉटिफायची सोय फुकट आहे आणि तिथली आरएसएस फीड, म्हणजे नवे भाग आपोआप पोचवणारी लिंक, अॅपललाही देता येते. एकच काळजी: खातं वाचनालयाच्या ईमेलवर उघडा. एडिटरने स्वतःच्या ईमेलवर उघडलं आणि तो पुण्याला नोकरीला गेला, की पॉडकास्टही त्याच्याबरोबर गेला.

मराठीसाठी एक खास त्रास आहे, तो आधीच सांगून ठेवतो. पडद्यावर खाली येणाऱ्या नावाच्या पट्टीतली जोडाक्षरं. एडिटरने सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग लावलेली नसली, की वेलांट्या उलट्या बाजूला जातात, "श्री"चा "श्‌री" होतो आणि "डॉ." मधला चंद्र भलतीकडे बसतो. तुमचा फ्लेक्सवाला नावं जुन्या फाँटात टाइप करून पाठवेल, ती युनिकोडमध्ये नसल्याने नुसता कचरा उमटतो. सातही वक्त्यांची नावं, पदव्या आणि विषय एका युनिकोड फायलीत टाइप करून द्या, आणि पट्ट्यांचे फोटो व्याख्यानमाला सुरू होण्याआधी मागवून मराठीच्या सरांना दाखवा. आडनाव चुकलेला वक्ता पुढच्या वर्षी येत नाही.

पैशांचं. दोघांनाही नव्याने कोटेशन मागा आणि तुकडे वेगळे करून मागा: आवाज, दोन कॅमेरे माणसांसह, पॉडकास्टचे सात भाग, एडिटिंग आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या, जीएसटी धरून की वगळून. ड्रोन आणि क्रेन खोडा, ते पैसे आवाजाच्या माणसाला द्या. त्या कामाला वेगळा माणूस हवाच, कॅमेरावाला डोळा कॅमेऱ्याला लावून असताना कानाला हेडफोन लावू शकत नाही. रक्कम तीन हप्त्यांत द्या आणि शेवटचा हप्ता डिस्क हातात पडल्यावरच. आणि नमुना म्हणून त्यांची चकचकीत शोरील, म्हणजे निवडक दृश्यांची छोटी फिल्म, बघू नका. त्यांनी पूर्वी केलेल्या एखाद्या भाषणाची दहा मिनिटं, संगीत न लावलेली, मागवा. कार्यकारिणीत डोळे मिटून ऐका. पहिल्या मिनिटात कोण बरा ते कळेल, कदाचित 48 हजारवालाच निघेल.

ज्याला द्याल त्याला हॉल बघायला सकाळी नेऊ नका. सकाळी सगळे हॉल शांत असतात. संध्याकाळी साडेसहाला न्या, आणि तासभर बसवा. शेजारच्या देवळाची आरती किती वाजता सुरू होते, एसटी स्टँडची अनाउन्समेंट कुठल्या खिडकीतून येते आणि जनरेटरवाला जेवायला कधी जातो, हे त्याला त्याच तासात कळेल.